घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, प्रोसेसरपाशी की कार्डपाशी?

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं ती रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. जुनं जीटीएक्स १०५० टीआय काढलं, आरटीएक्स ३०६० घातलं, ड्रायव्हर टाकले, सायबरपंक २०७७ चालू केलं आणि दुसरं काही न बघता थेट बाजारातल्या त्या गर्दीच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो, जिथे जुन्या कार्डावर फ्रेम्स हमखास पडायच्या. आधी तिथे लो सेटिंगवर ३८-४० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम्स (चित्रं), यायचे. आता त्याच जागी, त्याच सेटिंगवर ४४. मला वाटलं काहीतरी सेटिंग चुकलंय, म्हणून टेक्श्चर, शॅडो, रिफ्लेक्शन सगळं लो वरून हाय केलं, तर चित्र एकदम झकास दिसायला लागलं पण आकडा ४३. म्हणजे सेटिंग खाली ठेवा की वर, एफपीएस जागचे हलतच नव्हते.

मग आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर टाकलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात रिवाट्यूनरचा ओव्हरले, म्हणजे गेमवरच दिसणारी आकड्यांची पट्टी, लावला आणि त्याच गल्लीत उभा राहून आकडे बघत बसलो. कार्डाचं युसेज ५४ टक्के. खाली प्रोसेसरच्या चार ओळी: १००, ९८, १००, ९९. माझा प्रोसेसर तेव्हा आय५ ७४००, चार कोअर चार थ्रेड, म्हणजे काम करणारे चार भाग आणि एका वेळी चालणारी चार कामं. चारही कोअर जीव तोडून पळत होते आणि कार्ड जवळजवळ अर्धा वेळ त्यांची वाट बघत बसलं होतं. बॉटलनेक, म्हणजे एक पार्ट मागे पडल्यामुळे दुसऱ्याने अडून बसणं, काय असतं ते त्या एका रात्रीत जेवढं कळलं तेवढं आधी वर्षभर वाचून कळलं नव्हतं, आणि कार्ड घ्यायच्या आधी कळलं असतं तर मी खरेदीचा क्रमच वेगळा ठेवला असता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

तर गेममधली एक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. आधी प्रोसेसर ठरवतो की या क्षणी कोण कुठे आहे, कुठली गाडी कुठे वळली, गर्दीतला माणूस कुठल्या दिशेला चाललाय, तुम्ही माउस किती हलवला, आणि मग तो कार्डाला एकामागून एक सांगत जातो की हे काढ, ते काढ, यालाच ड्रॉ कॉल म्हणतात. कार्ड ते सगळं प्रत्यक्ष पिक्सेलमध्ये रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते, दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्या चालीने गेम चालतो. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलीसेकंद मिळतात, १४४ हवे असतील तर ६.९, आणि २४० साठी जेमतेम ४.२. माझ्या त्या गल्लीत प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीला २२-२३ मिलीसेकंद लागत होते, मग ४४ च्या वर जाणार कसं, कार्ड कितीही भारी आणलं असतं तरी तेच.

यातून एक गोष्ट आपोआप निघते जी लोक सहसा लक्षात घेत नाहीत. दोघांपैकी एक जण कायमच मागे असणार, त्यामुळे बॉटलनेक शून्य असलेली बिल्ड नावाची गोष्टच नसते. प्रश्न एवढाच की तो कुठे असलेला बरा, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो कार्डापाशी असलेला बरा. कार्ड कमी पडत असेल तर तुमच्या हातात भरपूर काही असतं, शॅडो कमी करा, रिझोल्यूशन उतरवा, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनवर काढून चित्र मोठं करणं) लावा, लगेच फरक दिसतो, आणि फ्रेम्स कमी असल्या तरी साधारण एकसारख्या येतात. प्रोसेसर कमी पडला की हातात फारसं काही राहत नाही. गर्दीची घनता, दूरपर्यंत किती दिसावं ते, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं), अशा दोनचार गोष्टी सोडल्या तर बाकीची सेटिंग्ज प्रोसेसरला हातच लावत नाहीत. शिवाय तिथे स्टटर होतो, सरासरी ६० दिसते पण मधेच एखादी फ्रेम ५० मिलीसेकंद खाते आणि वळण घेताना गाडी हिसका मारल्यासारखी वाटते. म्हणूनच नुसती सरासरी बघून काही कळत नाही, १ टक्का लो चा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा, आकडा बघायचा, तो सरासरीच्या फारच खाली असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आता वेबसाइटवर मिळतात ते बॉटलनेक कॅल्क्युलेटर. प्रोसेसर निवडा, कार्ड निवडा, आणि तो सांगतो अमुक इतके टक्के बॉटलनेक. मीही ते खूप वेळा वापरलेत, आणि आता कोणी तो स्क्रीनशॉट पाठवला की मी मनापासून सांगतो की तो आकडा सोडून द्या. कारण बॉटलनेक हा त्या दोन पार्टचा गुण नाहीये, तो त्या दोन पार्टवर तुम्ही कुठला गेम, कुठल्या रिझोल्यूशनवर, किती एफपीएससाठी चालवताय त्याचा परिणाम आहे. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. तीच जोडी, तोच गेम, पण १०८०पीवर कार्ड निवांत आणि प्रोसेसरची दमछाक, आणि ४के लावलं की प्रोसेसर निवांत आणि कार्डाची दमछाक. दुसरीकडे गेम बदलला तरी चित्र पालटतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये लोकांना दोनशे-तीनशे फ्रेम्स हव्या असतात म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो, सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचंच जास्त जड रूप) लावलं की कार्ड घाईला येतं, आणि बाल्डर्स गेट ३ तर पहिल्या अंकात व्यवस्थित पळतो आणि तिसऱ्या अंकात त्या मोठ्या शहरात शिरलं की त्याच मशीनवर प्रोसेसर धापा टाकायला लागतो. एकाच गेममध्ये दोन उत्तरं, मग एका टक्केवारीत ते कसं बसवणार?

त्यापेक्षा स्वतः तपासा, अर्धा तास लागतो. ओव्हरलेमध्ये कार्डाचं युसेज, प्रत्येक थ्रेडचं वेगळं युसेज, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा ग्राफ एवढं लावा. मग गेममधल्या सगळ्यात जड जागी जा, मोकळ्या माळरानात उभं राहून तपासण्यात अर्थ नाही, जिथे गर्दी आहे, जिथे गाड्या आहेत, जिथे तुम्हाला खरंच त्रास होतो तिथे जा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण वापरलं जातंय, सगळं ठीक आहे, आणखी एफपीएस हवे असतील तर सेटिंग उतरवा किंवा मोठं कार्ड घ्या. कार्ड ६०-७० वर असेल आणि एफपीएसवर कुठलीही मर्यादा लावलेली नसेल तर बहुधा प्रोसेसरकडची अडचण आहे.

इथे दोन जागी हमखास फसायला होतं. एक म्हणजे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण आकडा. आठ कोअर सोळा थ्रेडचा प्रोसेसर असेल आणि गेमचा मुख्य थ्रेड एकटाच शंभर टक्के भरला असेल तर एकूण आकड्यात त्याचा वाटा फक्त ६ टक्क्यांच्या आसपास दिसतो, बाकीच्या थ्रेडचं थोडं थोडं धरून समजा ३० दिसेल, आणि माणूस म्हणतो माझा प्रोसेसर तर ३० टक्केच चाललाय, बॉटलनेक कसा असेल. असतो. गेमचं बरंचसं काम अजूनही एकदोन थ्रेडवर अडून राहतं, विशेषतः डायरेक्टएक्स ११ (गेम ज्याच्यामार्फत कार्डाशी बोलतो ते सॉफ्टवेअर) वरच्या जुन्या गेम्समध्ये. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन आल्यावर ड्रॉ कॉलचं काम जास्त कोअरमध्ये वाटता यायला लागलं पण मुख्य थ्रेड काही संपला नाही, म्हणून गेमिंगसाठी कोअर मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) जास्त कामाला येतात.

दुसरी जागा म्हणजे व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम कॅप (एफपीएसवर घातलेली मर्यादा). माझ्या मावसभावाचा एकदा रात्री अकराला फोन, दादा, कार्डाचं युसेज ४५ च्या वर जातच नाहीये, प्रोसेसर बदलावा लागणार का. आवाजातच टेन्शन होतं, नुकतीच बिल्ड केली होती त्याने. मी विचारलं एफपीएस किती, तर म्हणाला ६०. जड जागी? ६०. मोकळ्या जागी? ६०. मग त्याला आधी गेममध्ये व्ही-सिंक बंद करायला लावलं, लगेच ११० च्या वर गेले आणि कार्ड ९७ ला टेकलं. पुढे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बघितलं तर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० हर्ट्झवर चालत होता, आणल्यापासून. प्रोसेसर बिचारा ठणठणीत होता. आकडा सगळीकडे एकसारखा चिकटून बसला असेल तर तो बॉटलनेक नसतो, कुणीतरी घातलेली मर्यादा असते.

आणि सगळ्यात सोपी, माझी आवडती चाचणी: त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १४४०पीवरून ७२०पी. चित्र घाण दिसेल, दिसू द्या. एफपीएस धाडकन वाढले तर अडचण कार्डाची होती. जिथल्या तिथे राहिले तर तो तुमच्या प्रोसेसरचा त्या जागेचा कमाल आकडा, त्याच्या वर कुठलंही कार्ड तुम्हाला नेणार नाही. हा आकडा एकदा कागदावर लिहून ठेवा, नवीन कार्ड घेताना तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

म्हणजे निवड कशी करायची तर सुरुवात मॉनिटरपासून. तुमचा मॉनिटर किती रिझोल्यूशनचा, किती हर्ट्झचा, आणि तुम्ही मन लावून कुठले गेम खेळता. प्रोसेसर एफपीएसच्या हिशोबाने घ्यायचा आणि कार्ड रिझोल्यूशनच्या हिशोबाने. कारण प्रोसेसरला रिझोल्यूशनशी फारसं देणंघेणं नसतं, १०८०पीवर त्याची कमाल ९० असेल तर ४केवरही साधारण तीच राहते. रिव्ह्यू बघतानाही हाच धागा धरा. प्रोसेसरचे रिव्ह्यू १०८०पीवर सगळ्यात भारी कार्ड लावून करतात, त्यावर लोक चिडतात की असं कोण खेळतं, पण ते बरोबरच करतात, कार्ड आडवं येऊ नये म्हणून तसं करावं लागतं. कार्डाचे रिव्ह्यू याच्या उलट, भारी प्रोसेसर लावून. तुमच्या गेमसाठी, सारख्याच सेटिंगवर, प्रोसेसरच्या रिव्ह्यूमधला आकडा घ्या, मग कार्डाच्या रिव्ह्यूमधला तुमच्या रिझोल्यूशनचा आकडा घ्या, आणि दोघांत जो कमी तो साधारण तुमच्या वाट्याला येणार. समजा प्रोसेसर ११० म्हणतो आणि कार्ड ८५, तर तुम्हाला ८५ च्या जवळपास मिळतील, आणि ही जोडी चांगली आहे. प्रोसेसर ७० म्हणतो आणि कार्ड १४०, तर नाकापेक्षा मोती जड झाला, कार्डावरचे पैसे कमी करून प्रोसेसरकडे वळवा. हे गणित कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त खरं निघतं, मी आतापर्यंत चारपाच जणांच्या बिल्डला लावून बघितलंय.

४के टीव्हीवर ६० एफपीएसवर गोष्टीचे गेम खेळणाऱ्याला रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ सारखा सहा कोअरवाला अजूनही बऱ्याच गेम्सना पुरतो आणि बाकी सगळं बजेट कार्डात घातलेलं चालतं. १०८०पीवर २४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन शूटर खेळणाऱ्याचं गणित पूर्ण उलटं, त्याने मध्यम कार्ड आणि जितका जमेल तितका चांगला प्रोसेसर घ्यावा. इथे एएमडीचे एक्स३डी वाले प्रोसेसर खरंच वेगळे आहेत. २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, साध्या ५८००एक्समध्ये एल३ कॅश ३२ एमबी होती, याच्यात ९६. क्लॉक, म्हणजे वेग, उलट थोडा कमीच, तरी गेम्समध्ये तो साध्याला मागे टाकतो, कारण गेमचा डेटा सारखा रॅममधून मागवत बसावा लागत नाही. पुढे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डीनेही तेच केलं. पण ४के ६० वाल्याने त्याच्यामागे धावायची गरज नाही, त्याला तो फरक दिसणारच नाही.

डीएलएसएस आणि एफएसआर या अपस्केलिंगच्या पद्धतींबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण इथे खूप जण चकतात. अपस्केलिंग लावलं की कार्ड आतमध्ये कमी रिझोल्यूशनवर काम करतं. १४४०पीवर क्वालिटी मोड म्हणजे आत ९६०पी, ४केवर परफॉर्मन्स मोड म्हणजे आत १०८०पी. म्हणजे तुम्ही ४केवर खेळताय असं तुम्हाला वाटतं पण प्रोसेसरच्या दृष्टीने तुम्ही १०८०पीच्या एफपीएसकडे निघालेले असता, आणि मग तो अडतो. डीएलएसएस लावूनही फ्रेम्स वाढल्या नाहीत अशी तक्रार असते ना, त्यात बहुतेक वेळा हेच असतं. फ्रेम जनरेशन प्रोसेसर अडला असतानाही आकडा वाढवतं, कारण मधल्या फ्रेम्स कार्डच तयार करतं, प्रोसेसरला त्या माहीतही नसतात. पण माउस हलवल्यावर गेम ज्या वेगाने प्रतिसाद देतो तो मूळच्या फ्रेम्सवरच ठरतो, उलट थोडा उशीर वाढतो. मूळ ३५ चे ६५ करून बघितले, डोळ्यांना गुळगुळीत दिसतं आणि हाताला जड लागतं. मूळ ६० च्या आसपास असतील तर मात्र मजा येते.

माझ्या मशीनचं पुढे काय झालं तर, आधी विचार केला त्याच मदरबोर्डावर जुना आय७ ७७०० टाकावा, पण तोही चारच कोअर, थ्रेड फक्त आठ. आठव्या पिढीचा सहा कोअरवाला त्याच नावाच्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) असूनही २०० सिरीजच्या बोर्डावर चालत नाही, हे बघून बोर्डासकट बदलायचं ठरवलं आणि रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि ३२०० ची आठ-आठ जीबीची दोन रॅम घेतली. ज्यांच्याकडे आधीपासून एएम४ बोर्ड आहे त्यांचं नशीब चांगलं, २०१६ पासूनचा तो सॉकेट ५८००एक्स३डीपर्यंत गेला, बऱ्याच जुन्या बोर्डांना नुसतं बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवीन प्रोसेसर चालतो, फक्त बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये त्याचं नाव आहे ना ते आधी बघा आणि बायोस जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करा.

तर जोडणी झाली, गल्लीत जाऊन उभा राहिलो, ६१. कार्ड ८२ टक्के. बरं वाटलं पण समाधान होईना, कारण या जोडीवर कार्ड पूर्ण भरायला हवं होतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅमचा वेग बघितला तर २४००. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालूच केलं नव्हतं, आणि दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये लावल्यामुळे एकाच चॅनेलवर चालत होत्या. कॅबिनेट पुन्हा उघडलं, स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घातल्या, एक्सएमपी चालू केलं, ३२०० झालं. तीच गल्ली, ७२, कार्ड ९७ टक्के. एकही नवीन वस्तू न आणता अकरा फ्रेम्स मिळाल्या. म्हणून प्रोसेसर कमी पडतोय असं वाटलं की मी आता सगळ्यात आधी रॅम विचारतो, किती स्टिक, कुठल्या स्लॉटमध्ये, वेग किती. डीडीआर५ वाल्यांनीही हेच बघायचं, एक्सएमपी किंवा एएमडीचं तसंच एक्स्पो बंद असेल तर ६००० ची रॅम ४८०० वर नुसती पडून राहते.

बॉटलनेकचं सोंग घेऊन येणारी बाकीची मंडळीही आहेत. कार्डाची मेमरी भरली की स्टटर येतो, तो प्रोसेसरच्या स्टटरसारखाच दिसतो, तेव्हा ओव्हरलेमध्ये व्हीरॅमचा आकडाही ठेवा आणि आठ जीबीचं कार्ड असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली आणून बघा. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड फक्त चार पीसीआयई लेनवर (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) चालतं, ते जुन्या पीसीआयई ३.० च्या बोर्डावर घातलं की बरंच मागे पडतं, आणि त्यात प्रोसेसरची काहीच चूक नसते. इंटेलचं आर्क बी५८० घेणाऱ्यांनी बोर्डावर रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होतो ना ते नक्की बघा, शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, जुन्या सहा कोअरसोबत ते रिव्ह्यूमधल्या आकड्यांच्या बरंच खाली राहतं. लॅपटॉप किंवा धूळ भरलेलं कॅबिनेट असेल तर तापमान बघा, प्रोसेसर तापून क्लॉक खाली आणत असेल तर बॉटलनेकच्या नावाखाली तुम्ही नवा घ्याल आणि खरं तर नवीन थर्मल पेस्टने काम झालं असतं. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कार्डाला पुरेसा आहे ना हे वेगळं सांगायला नको.

परवा मावसभावाचा परत फोन. आता त्याला मोठं कार्ड घ्यायचंय, त्याचा रायझन ५ ५६०० तोच ठेवून, आणि त्याने कुठेतरी वाचलं की ५६०० सोबत ते बॉटलनेक करेल. मी विचारलं तुझा कागद कुठाय, ७२०पीवर किती आले होते. त्याने वही उघडली, त्याच्या दोन गेम्सचे आकडे लिहिलेले होते, एकात १०४, एकात १३०. मॉनिटर अजून तोच, १०८०पी, आणि आताचं कार्ड त्याला पहिल्या गेममध्ये ९५ देतंय. म्हणजे नवीन कार्डाने जास्तीत जास्त नऊ फ्रेम्स वाढणार आणि कार्डाची उरलेली ताकद रिकामी बसणार. मी म्हटलं तुला ९५ पुरतात का, तर म्हणाला पुरतात की, मला चित्र अजून स्वच्छ हवंय. मग प्रोसेसर नको बदलूस, १४४०पीचा मॉनिटर घे आणि त्याच्यासोबत ते कार्ड घे, १०४ ची कमाल तिथेही तशीच राहील आणि कार्डाला काम मिळेल. तो सध्या १४४०पीवरचे कार्डांचे रिव्ह्यू बघतोय, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याने १०४ लिहून ठेवलंय.